नजर चुकवून

आमच्या गल्लीतल्या बायांना एक कला फार छान येते. लेकराची नजर चुकवून घराबाहेर सटकायची. चपला आधीच बाहेर ओट्याखाली ठेवायच्या. डबा खिडकीतून शेजारणीकडे द्यायचा. केस विंचरायचे तेही मोरीत, आरशासमोर नाही, कारण आरशासमोर उभी राहिलेली आई कुठेतरी निघालीय हे रांगणारं पोरही ओळखतं. मग कोणीतरी लेकराला कडेवर घ्यायचं, वर बोट करायचं, "ती बघ चिऊ!" आणि लेकरू वर बघतंय तोवर आई गल्लीच्या वळणापार. हे आम्हाला कोणी बसवून शिकवलं नाही. आमच्या आयांनी आमच्याशी हेच केलं, त्यांच्या आयांनी त्यांच्याशी. रडणारं पोर मागे टाकून निघू नये, काम होत नाही, असंही म्हणतात. कामाचं मला माहीत नाही. पण रडणाऱ्या पोराकडे पाठ करून पाय उचलत नाही, एवढं खरं.

मी लिंबायतला राहते. माहेर खानदेशातलं, सासर खानदेशातलं, पण लग्न होऊन आले ती सुरतेतच. नवरा लूमच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. दिवसभर त्या खटखटाटात राहून तो घरीसुद्धा ओरडूनच बोलतो. नवीन माणसाला वाटतं आमचं भांडण चाललंय. भांडण करायचं काम माझं, तो नुसता मोठ्याने बोलतो. मी भेस्तानला एका कारखान्यात मशीनवर बसते, साड्यांना लेस लावते. सकाळची रिक्षा भरली की निघते, ती कोणासाठी थांबत नाही.

कामाला लागले तेव्हा माझी लेक नीट पालथीसुद्धा पडत नव्हती. तिला सांभाळलं शेजारच्या खोलीतल्या म्हातारीने. गल्लीतले सगळे तिला माय म्हणत, मीही म्हणायचे. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात लूम चालवायचा. पोरी लग्न होऊन लांब गेलेल्या, घर रिकामं. तिने माझी लेक मांडीवर घेतली ती जवळजवळ तीन वर्षं खाली ठेवली नाही. रोज सकाळी ती तिला काखेत घेऊन दारात उभी राहायची आणि विजेच्या तारांकडे बोट करायची, "देख देख, चिडी देख!" माय अस्सल अहिराणी बोलायची. लेक वर बघायची, हसायची, टाळ्या वाजवायची. मी तोवर गेलेली असायचे.

काय पोर होती हो! तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. सगळं गल्लीतलं बोलणं तिच्या तोंडात, वरून मायची अहिराणी. समोरच्यांच्या बकरीला दम भरायची, "आठे ये, तुले मारू का?" माझा नवरा कामावरून आला की कंबरेवर हात ठेवून विचारायची, इतका उशीर का. बघणारे म्हणायचे, आईवर गेलीय. मला बरं वाटायचं.

पण ती मला म्हणायची मम्मी आणि तिला माय. लोक हसायचे. मीही हसायचे, पण आतून जळायचे, खोटं कशाला बोलू? नऊ महिने पोटात मी वागवली, आणि झोपताना हिला कान हवा मायचा. मायचे कान लांब ओघळलेले होते, भोकं मोठी, त्यात काही घातलेलं नसायचं. ती मऊ पाळी मुठीत धरल्याशिवाय माझ्या लेकीचा डोळा लागायचा नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिला शेजारी घेऊन पडले की ती माझा कान चाचपायची, माझ्या कानातलं हाताला टोचायचं, आणि उठून चालू पडायची शेजारी. मी म्हणायचे, जा जा, तिचीच आहेस तू.

मग मायच्या नवऱ्याला कारखान्यातच लकवा मारला. उजवी बाजू गेली. हात गेलेला माणूस लूमवर काय करणार, आणि लूमशिवाय सुरतेत काय करणार? नंदुरबारच्या पुढे त्यांचं गाव, तिथे दोन खणांचं घर आणि भाऊबंद. जायचं ठरलं. माय आठवडाभर डोळे पुसत सामान बांधत होती आणि माझी लेक त्या गाठोड्यांवर चढून घसरगुंडी खेळत होती.

निघायचा दिवस उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आसपासचा. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. माय म्हणाली, "मी तिले सांगीसनच जास." सांगूनच जाते म्हणाली. आम्ही साऱ्याजणी तिच्यावर तुटून पडलो. काय बाई तुम्ही, कशाला त्या जिवाला रडवता, लहान आहे, चार दिवसांत विसरून जाईल. लहान पोराच्या डोक्यात काय राहतं? माय एकटी पडली. नवऱ्याला उचलून टेम्पोत बसवायचं होतं, भाऊबंद घाई करत होते. तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

माझ्या नवऱ्याने लेकीला खांद्यावर घेतलं आणि गच्चीवर नेलं. आभाळ पतंगांनी भरलेलं. गच्चीगच्चीवरून 'काप्यो छे'च्या आरोळ्या. तो आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडत होता, "तो बघ लाल! तो बघ, तो बघ, गेला!" लेक वर बघत होती, खिदळत होती. खाली टेम्पो निघाला. तो खाली घेऊन आला तेव्हा मायच्या दाराला कुलूप होतं.

लेक त्या कुलपाकडे बघत राहिली. मग मान वर करून आभाळाकडे बघितलं. मग परत कुलपाकडे. मला ते तेव्हा काहीच वाटलं नाही.

"माय कोठे शे?" तिने विचारलं. बाजारात गेलीय, येईल, आम्ही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती त्या दारापाशी जाऊन बसायची, फटीतून आत बघायची, कुलूप ओढायची. कोणी विचारलं तर म्हणायची, माय बाजारात. गल्लीतल्या पोरांना चिडवायला एक खेळच मिळाला. माय आली, माय आली, असं ओरडायचे, ती धावायची, पोरं हसायची. मी एकाच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याच्या आईशी महिनाभर बोलणं टाकलं.

मग तिने विचारणं बंद केलं. बघा, म्हटलं नव्हतं, विसरली, सगळ्या म्हणाल्या. मीही म्हणाले.

लेकीला सांभाळायला सासूबाई गावाहून आल्या. त्यांना पहिल्याच आठवड्यात नात फार आवडली. "अगं, किती गुणाची पोर! बसवलं तिथे बसते. हट्ट नाही, रडणं नाही." गल्लीतल्या बायाही म्हणायला लागल्या, मोठी झाली, समज आली. आणि खरंच, बसवलं तिथे बसायची. भिंतीला टेकून, पाय सरळ पसरून, हात मांडीवर. जेवण तोंडात दिलं तर तोंडात धरून ठेवायची, गिळायची नाही. दिवसा झोपायची, खूप झोपायची. बकरी दारात आली तरी बघायची नाही. बोलणं कमी झालं. कमी म्हणजे किती, ते माझ्या लक्षात उशिरा आलं, कारण मी घरी यायचे तेव्हा दमलेली असायचे आणि शांत पोर कोणाला नको असते? कामावरच्या बाया आपापल्या पोरांच्या तक्रारी सांगायच्या आणि मी म्हणायचे, माझ्या पोरीचा काही त्रास नाही बाई.

एका संध्याकाळी मी तिला भरवत होते. बघते तर डाव्या हाताचं बोट सुजून काळंनिळं, नख उचकटलेलं. दुपारी वाऱ्याने दार आपटलं होतं, त्यात सापडलं असणार. मी सासूबाईंवर कडाडले. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. "अगं, पण ती रडलीच नाही गं. रडली असती तर मला कळलं असतं ना!"

मी बोट हातात धरलं. दाबलं. मुद्दाम दाबलं, देव मला माफ करो. तिने फक्त ओठ मिटले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन वर्षांच्या लेकराचं बोट चेंगरतं आणि ते कोणाला हाक मारत नाही? का मारत नाही? मारून कोणी येणार नाही, असं तिला वाटतं म्हणून?

त्यानंतर आम्ही काय काय केलं नाही! सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या. नवरा म्हणाला, लूमवाल्यांच्या पोरांचे कान जातात, आमच्या घराच्या मागेच लूम आहेत, हिला ऐकू येत नसेल. कान तपासले. कान ठणठणीत. एक शेजारीण माझ्या तोंडावर म्हणाली, डोक्यात फरक असेल, काही पोरं अशी होतात. तिला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी येऊन मीच पोरीच्या समोर बसले आणि खिडकीकडे बोट केलं, "ती बघ चिऊ." ती बघेना. पुन्हा केलं. बघेना. बोट दाखवल्यावर न बघणारी पोरं वेगळी असतात, असं मी कोणाकडून तरी ऐकलं होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

शेवटी अंगणवाडीतल्या ताईने सरकारी दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मनाच्या डॉक्टरकडे, तीन वर्षांची पोर! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी आणि नवरा गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलायच्या, आवाज मऊ. त्यांनी लेकीला ठोकळे दिले. लेक ठोकळ्यांकडे बघत बसली. मग बाईंनी भिंतीवरच्या मोठ्या हत्तीच्या चित्राकडे बोट केलं, "अरे वो देखो, हाथी!"

लेकीने हत्तीकडे बघितलं नाही. तिने गर्रकन मान वळवून दाराकडे बघितलं. आणि माझी ओढणी मुठीत घट्ट धरली.

बाईंनी पुन्हा केलं, छताच्या पंख्याकडे. पुन्हा तेच. दाराकडे डोळे, ओढणी मुठीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "इसके घर से कौन गया?"

कौन गया? रोज सकाळी मी गेले. मी गेले, तेव्हा चिडी होती. माय गेली, तेव्हा पतंग होता. ही पोर वर बघायची आणि खाली कोणीतरी कमी झालेलं असायचं. हिने त्याचा हिशोब लावला. आम्ही म्हणत होतो, लहान पोराच्या डोक्यात काय राहतं!

मी सगळं सांगितलं. टेम्पो, कुलूप, बाजार, सगळं. सांगताना नवऱ्याने मान खाली घातली होती. बाई म्हणाल्या, मुलगी उदास आहे. खूप खोल उदास. मी भडकले. भीती वाटली की मी भडकतेच. म्हटलं, "हिला कसली उदासी? हिला काय सासुरवास आहे की नवरा दारू पिऊन मारतो?" बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मोठ्यांना दुःख झालं तर ते बोलतात, भांडतात, देवाला शिव्या देतात. एवढ्याशा जीवाकडे शब्दच नाहीत, म्हणून तो खाणं सोडतो, खेळणं सोडतो, बोलणं सोडतो. आपण म्हणतो, शहाणा झाला. त्या म्हणाल्या, या वयात मेंदू अजून घडत असतो. रडलं की कोणी येतं, हसलं की कोणी हसतं, हे रोज रोज होऊन तो घडतो. जिच्याशी हे सगळं होत होतं ती एका क्षणात नाहीशी झाली, तर तो काय शिकणार?

नवरा पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "म्हणजे ताणा अजून भरतोय, मॅडम. ताण्यात चूक राहिली की पुढे सगळ्या साड्यांत ती निघते." ताणा म्हणजे लूमवर भरलेले उभे धागे, हे बाईंना सुरतेत राहून कळत होतं. त्यांनी विचारलं, "तार तुटला तर काय करता?"

"जोडतो. दिवसभर तेच करतो."

"मग? वेळ लागेल. पण आता चोरून जायचं नाही. जे असेल ते तिच्या समोर. जाताना सांगायचं, रडली तर रडू द्यायचं, आणि सांगितलं तेव्हा परत यायचं. आणि जमलं तर त्या मायला एकदा भेटवा. भेटवा, आणि तिथून तिच्या देखत निघा."

घरी सासूबाई ऐकायला तयार नव्हत्या. "खपली धरलीय, ती कशाला काढता? भेटली की पुन्हा पहिल्यापासून." मी म्हटलं, "आत पू झालाय, आई. वरून खपली दिसते." नवऱ्याने मालकाकडून सुट्टी मागितली, मिळाली नाही, म्हणून मी एकटीच लेकीला घेऊन गेले.

गावी मायच्या घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात खाटेवर तिचा नवरा, तोंड वाकडं झालेलं, आम्हाला बघून काहीतरी बोलला, कळलं नाही. माय चुलीपुढून उठून बाहेर आली. पिठाचे हात. किती वाळली होती! लेकीला बघून तिने दोन्ही हात पुढे केले.

लेकीने तिला बघितलं. चांगलं बघितलं, ओळखून बघितलं. आणि तोंड फिरवून माझ्या खांद्यात खुपसलं.

मायचे हात तसेच राहिले. मग तिने ते पदराला पुसले, पीठ नव्हतं तिथेही पुसले. "बरोबर करस माय तू," ती लेकीच्या पाठीला म्हणाली. "मी तुले न सांगता उनू." तुला न सांगता आले मी. आणि ती चुलीपुढे जाऊन बसली, भाकरी थापायला लागली, आणि पीठ भिजत राहिलं तिच्या डोळ्यांनी. माझ्या आत जे जळत होतं ते सगळं त्या संध्याकाळी विझलं. अगं बाई, माझी नको होऊस, तिचीच हो, पण कोणाची तरी हो, असं मला वाटलं.

मी लेकीला ओसरीवर बसवलं. बऱ्याच वेळाने ती उठली. चुलीपर्यंत गेली. मायकडे पाठ केली आणि पाठीनेच सरकत सरकत तिच्या अंगाला टेकून बसली. तोंड आमच्याकडे, पाठ तिला. माय हलली नाही. भाकरी तव्यावर करपली, तिने ती उलटलीसुद्धा नाही. मग लेकीचा हात मागे वर गेला, न बघता, आणि कानाच्या पाळीवर जाऊन थांबला.

आम्ही तिथे राहिलो ते दिवस मी मोजत नाही, कारण ते संपणार होते हे मला माहीत होतं आणि माझ्या लेकीला नव्हतं. ती मायच्या मागे मागे फिरली. बोलली नाही, पण खाल्लं. एकदा कोंबडी अंगावर आली तेव्हा हसली, घशात अडकलेलं हसू, आणि म्हातारा खाटेवरून डाव्या हाताने टाळी वाजवायला गेला.

निघायच्या सकाळी मायने तिला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, आपल्याकडे केलं. "देख," ती म्हणाली. पहिल्यांदा चिडी नाही, पतंग नाही. "माले देख. मी आठेच राहसू. बाबाले कोण देखी? तू तुनी मम्मीसंगे घर जाय. मी सुरत येवाव नही." इथेच राहणार, सुरतेला येणार नाही म्हणाली. आवाज फाटला तिचा, पण खोटं बोलली नाही. लेक तिच्या तोंडाकडे बघत होती. काही समजलं की नाही, मला कळेना. बसपर्यंत माय चालत आली. बस सुटली तेव्हा खाली उभी राहिली, लपली नाही, पदर तोंडाला लावला नाही, हात वर करून उभी राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

आणि माझी लेक रडली.

रडली म्हणजे काय! पोटाच्या तळातून आवाज काढला. खिडकीची जाळी धरली, पाय झाडले, माझा गाल ओरबाडला. "माय! माय! माय!" किती महिन्यांनी तो शब्द तिच्या तोंडातून आला. मी तिला धरून बसले आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि खरं सांगू, छाती फुटत होती तरी आतून कोणीतरी म्हणत होतं, रड गं बाई, रड. हाक मार. नाही येणार ती, पण हाक मार.

बसमधली माणसं भली होती. भलीच असतात. पुढच्या बाकावरचा म्हातारा वळला, "ती बघ, ती बघ म्हैस!" मागून एका बाईने बिस्किट पुढे केलं, "बाळा, ते बघ डोंगर, बघ बघ." कंडक्टर शिट्टी वाजवून दाखवायला लागला. सगळी बस बोटं दाखवत होती. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि ओरडले, "कोणी काही दाखवू नका! हात जोडते! तिची माय सुटलीय. रडू द्या तिला!"

कंडक्टरने शिट्टी खिशात घातली. म्हातारा हळूच म्हणाला, "रडू द्या, रडू द्या." नवापूर गेलं, सोनगड गेलं, ती रडत होती. बसमध्ये कोणी काही दाखवलं नाही. व्याऱ्याच्या जवळपास आवाज बसला तिचा, नुसते हुंदके उरले, आणि ती माझ्या मांडीवर आडवी झाली. अर्धवट झोपेत तिचा हात वर आला, माझ्या गळ्यावरून, गालावरून. कानापाशी आला. मी घाईघाईने कानातलं काढलं, भोक रिकामं केलं. तिने पाळी बोटांत धरली, चाचपली. तो कान तिचा नव्हता. हात खाली घेतला आणि तशीच झोपली. मी ते कानातलं मुठीत धरून सुरतेपर्यंत बसून राहिले.

त्यानंतर ती बरीच सुधारली. आता शाळेत जाते, गुजराती बोलते, हिंदी बोलते, माझ्याशी मराठीत भांडतेही. पण अहिराणी परत आली नाही. एक शब्द नाही. फोनवर माय बोलते तेव्हा ती ऐकते, हं हं करते आणि फोन माझ्या हातात देते. माय विचारते, "भुली गई का माले?" मी म्हणते, नाही हो माय, लाजते. तार जोडला की गाठ राहतेच, नवरा म्हणतो. पण मला सांगायची आहे ती गावाहून आल्यानंतरची पहिली सकाळ.

त्या सकाळी मी चपला घरात आणल्या. आरशासमोर उभी राहून केस विंचरले. डबा तिच्या समोर भरला. ती भिंतीला टेकून सगळं बघत होती. मग मी तिच्यापुढे खाली बसले, मायने धरलं होतं तसं तिचं तोंड धरलं. "मी कामाला जाते. दिवेलागणीला येते." तिने माझी ओढणी पकडली. मी एक एक बोट सोडवलं, ते काळ्या नखाचं बोटसुद्धा. ती किंचाळली. सासूबाई धावत आल्या, तिला कडेवर घेतलं, मला म्हणाल्या, "कशाला सांगितलंस गं! गुपचूप गेली असतीस!" त्यांचेही डोळे भरले होते. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

मी ओट्यावरून उतरले. गल्लीतल्या बाया दारादारांत येऊन बघायला लागल्या, कसली ही आई. वळणापाशी मी थांबले आणि मागे बघितलं. लेक सासूबाईंच्या कडेवरून अर्धी बाहेर झुकलेली, तोंड लाल, दोन्ही हात माझ्याकडे, "मम्मी! मम्मी!" सासूबाईंचा हात सवयीने तारांकडे वर गेला. "ती बघ, ती बघ चिऊ..."

लेकीने वर बघितलं नाही. दाराकडेही बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. सासूबाईंचा हात हळूहळू खाली आला.

मी हात हलवला. येते म्हणाले, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. आणि तिच्या डोळ्यांदेखत निघून गेले.